वरातीची फाइल

लग्नात मारामारी झाली की आम्ही ती कापून टाकतो. नवरा शूटिंग करतो, मी वसमतला घरी बसून एडिटिंग करते. पंधरा वर्षांत माझ्यासमोरून गचांड्या, थपडा, फेकलेल्या खुर्च्या आणि एकदा पंगतीत कुणाच्या तरी पाठीवर ओतलेली गरम डाळ, असं बरंच काही गेलं. लोकांच्या हातात पडतात त्या फक्त अक्षता आणि फुलं.

त्या मे महिन्यात कुरुंद्याकडच्या एका वरातीत जे झालं, ते कापून संपण्यासारखं नव्हतं. नवरदेवाचे दोस्त दोन तास एकाच पारापुढे नाचत होते. नवरीच्या काकाने वैतागून डीजेची वायर ओढली. पाच मिनिटांत त्याची कवटी फुटली. माझ्या नवऱ्याने भिंतीला पाठ लावून कॅमेरा उंच धरून ठेवला. बंद करायला हात खाली घ्यावे लागले असते आणि खाली लाथा चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डातली फाइल माझ्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि कार्ड कोरं केलं, कारण दुपारी हट्ट्याला दुसरं लग्न होतं. लग्नसराईत आमचं असंच चालतं. सायंकाळी कळलं की काका नांदेडला दवाखान्यात बेशुद्ध आहे आणि पोलिसांनी बत्तीवाल्याला उचललं आहे. बत्तीवाला म्हणजे वरातीत डोक्यावर दिव्यांची चौकट घेऊन चालणारा तांड्यावरचा माणूस. त्याने लोखंडी पाईप डोक्यात घातला असं दोन्हीकडच्या लोकांनी एका सुरात सांगितलं होतं. आदल्या दिवशी हेच लोक एकमेकांचे गळे धरत होते. पण लग्न लागलेलं होतं, पोरगी सासरी पोचली होती. आपल्यातल्या कुणाचं नाव घेतलं तर सोयरीक मोडणार, म्हणून तिसऱ्याचं नाव दिलं.

बत्तीवाल्याची बायको तिसऱ्या दिवशी सकाळी आली आणि उंबऱ्यावर बसली. काका दगावला तर तिच्या नवऱ्यावर खुनाचं कलम लागणार होतं. कॅमेऱ्यात काय आलंय ते बघा, एवढंच तिचं म्हणणं. मी फाइल लावली. बारा सेकंदांनी पडद्यावर हिरवे चौकोन पसरले, माणसांचे तुकडे तुकडे झाले आणि कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला.

नवऱ्याने कॅबिनेटवर दोन बुक्क्या घातल्या. आमच्याकडे मोटरीचा स्टार्टर, टीव्ही, म्हैस, लेकरू, काहीही अडलं की पहिला उपाय हाच असतो. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं. हा कॉम्प्युटर मीच जोडलेला होता. भाग नांदेडहून आणले, हिंदी व्हिडिओ बघत बसवले. त्यामुळे बिघडवणाराही दुसरा कुणी असण्याची शक्यता कमी होती.

फाइल पुन्हा लावली. आता बारा सेकंद साफ गेले आणि चौकोन चाळिसाव्याला आले. तिसऱ्यांदा आणखी भलतीकडेच. माझ्या जिवात जीव आला. डाग जागा बदलत असतील तर ते मशीनचे असतात. जागा सोडत नसतील तर फाइलचे, आणि मग काही करता येत नाही. फाइल अजून शाबूत असावी. पण अशा मशीनवर तिची दुसरी प्रत काढली असती तर बिघाड प्रतीतही उतरला असता. म्हणजे पेनड्राइव्ह भरून पोलिसांना देऊन मोकळं होण्याची सोय नव्हती. आधी मशीन सुधारायचं होतं.

दुपारी मी कॅबिनेट उघडून बसले होते तेव्हा एका मोटरसायकलवर दोघे आले, नवरदेवाचा मामा आणि नवरीचा भाऊ. मी बाहेर आले, बत्तीवाल्याची बायको उंबऱ्यावरून बाजूला सरकली. परवा शिव्या, आज डबलसीट. मामा गोडीत बोलला. पोरासोरांचं भांडण आहे, कॅसेटमध्ये कशाला ठेवता, आमच्यासमोर पुसून टाका. नवऱ्याने सांगितलं की मशीन बिघडलेलं आहे. मामाने त्याच्या कानाखाली इतक्या जोरात मारली की चष्मा कुलरच्या टाकीत पडला.

"मशीनच कुठं हाय ते दाखव," तो म्हणाला आणि आतल्या खोलीकडे निघाला.

मी त्याच्या आधी आत पोचले आणि दार लोटलं. त्याची बोटं चौकटीत होती. मला ती दिसली होती. मी खांदा लावून दार पूर्ण मिटवलं. तो ओरडला तेव्हा इंचभर सोडलं आणि हात निघाल्यावर कडी घातली. बाहेर बराच वेळ माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मग मोटरसायकल गेली. नवरा दाराशी येऊन म्हणाला, त्या चार गावांत आता आपल्याला कुणी लग्नाची सुपारी द्यायचं न्हाई. मी म्हटलं, आधी चष्मा शोधा.

जानेवारीत मी रॅमच्या दोन पट्ट्यांचा वेग वाढवला होता. याला ओव्हरक्लॉक म्हणतात. मशीनकडून त्याच्या ठरल्या ताकदीपेक्षा जास्त काम काढून घ्यायचं. व्हिडिओ लवकर तयार व्हावा एवढाच हेतू. एक पट्टी नवी आणि दमाची होती, दुसरी जुनी. मी दोघींना नवीच्या चालीने पळवलं. थंडीत चाचणी घेतली, एकही चूक निघाली नव्हती. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत कुणी चाचणी घेतली? कुणीच नाही.

आता घेतली. रॅम तपासायचा प्रोग्राम लावला तर लाल ओळींनी पडदा भरला. जुनी पट्टी काढली, नवी एकटीच ठेवली. चुका नाहीत. नवी काढून जुनी त्याच खाचेत बसवली, पुन्हा लाल. म्हणजे खाच ठीक होती, दुखणं पट्टीत होतं. बोट लावलं तर चटका बसला. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन वेग खाली उतरवला, जुनीला झेपेल तितका, आणि दोन्ही पट्ट्या घालून चाचणी पुन्हा लावली. तिला तीन तास लागले. उंबऱ्यावरच्या बाईला मी भाकरी दिली, तिने खाल्ली. 

एकही लाल ओळ आली नाही.

मग फाइल साफ चालली. एका ठिकाणी डीजेच्या गाडीवर करडा पट्टा राहिला, तो तीनदा लावूनही हलला नाही. ती फाइलचीच जखम. बाकी सगळं दिसलं. मी एकेक फ्रेम पुढे नेली. काका खाली वाकून चप्पल शोधतोय. मामा मंडपाचा लोखंडी पाईप उचलतो, दोन पावलं मागे सरतो आणि पाईप खाली आणतो. काकाचं डोकं नारळासारखं एका बाजूला बसतं. त्याच फ्रेममध्ये बत्तीवाला मागे उभा आहे. सगळ्या बत्त्या एका वायरने जनरेटरला बांधलेल्या, त्यामुळे त्याला ओळ सोडता येत नाही. त्याचे दोन्ही हात डोक्यावरच्या चौकटीला आहेत.

त्याची बायको पडद्याला हात लावून "हे बघा, हे बघा" म्हणत होती. मी फाइल पुढे जाऊ दिली.

मामाच्या बाजूचा एक पोरगा बत्तीवाल्याच्या पोटात लाथ घालतो. बत्तीवाला चौकट खाली ठेवतो. फेकत नाही, नीट ठेवतो. मग शेजारच्या बत्तीचा दांडा उपसून त्या पोराच्या हातावर मारतो. हात कोपराखाली वाकडा होतो. मग तो आणखी एकदा मारतो, पोरगा खाली पडल्यावर.

बाईने पडद्यावरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "ताई, तुमी रोज कापता. माह्या मालकाचं तेवढं कापा."

मी म्हटलं, "कापलं की पहिलंबी खोटं ठरतं. ते म्हणतील, हिनं पायजे तसं जोडलं."

"काहून? तुमाला येतंय की जोडायला."

"येतं. म्हणूनच कुणी मानणार न्हाई."

तिने मला एक शिवी दिली, तिच्या बोलीत. कळली. मी पूर्ण फाइल पेनड्राइव्हवर घेतली, एक प्रत तिच्या वकिलासाठी काढली, आणि आम्ही दोघी एकाच रिक्षाने ठाण्यात गेलो. सगळं साहेबांना करड्या पट्ट्यासकट दाखवलं.

काका वाचला, पण उजवी बाजू गेली. त्याच्या डोक्याचं कलम मामाकडे सरकलं. हात मोडल्याचं कलम बत्तीवाल्यावर राहिलं आणि पंधरा दिवसांनी तो जामिनावर सुटला. सुटल्यावर एकटाच आमच्या घरी आला आणि मला ते बघायचंय म्हणाला. मी लावलं. पाईप खाली येताना त्याने मान फिरवली, पण स्वतःचे दोन्ही फटके डोळे न मिटता पाहिले.

"अजून एक हाणायला पायजे व्हता," तो म्हणाला.

मी फाइल बंद केली. कोर्टात तारखेला हे वाक्य तोंडातून काढायचं नाही, असं त्याला दोनदा बजावलं आणि "न्हाई काढणार" असं त्याच्याकडून एकदा म्हणवून घेतलं.