लीलाबाईंच्या घरातले सात पेशंट

सरांनी ग्राफ टेबलावर पसरला आणि एका खांबावर बोट ठेवलं. बाकीचे खांब साधारण एका उंचीचे, हा एकटाच ताडमाड वाढलेला. मी खुर्चीतून उठून उभीच राहिले.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. नाशिकला मी कॅन्सर रजिस्ट्रीत होते, सर तिथले प्रमुख डॉक्टर. रजिस्ट्री म्हणजे नोंदवही. शहरात कोणाला कुठला कॅन्सर झाला, वय किती, धर्म कोणता, पत्ता काय, हे हॉस्पिटलं पालथी घालून मी फॉर्मवर भरायचे. कुठल्या समाजात धोका कमी, कुठल्या समाजात जास्त, हे आम्हाला बघायचं होतं. हिशेब सोपा. वर त्या समाजाचे शहरातले पेशंट, खाली जनगणनेतली त्या समाजाची शहरातली लोकसंख्या. भागाकार केला की झाला खांब. तो उंच खांब बौद्ध बायकांचा होता, तोंडाच्या कॅन्सरचा.

"पुढच्या महिन्यात मुंबईच्या परिषदेत पेपर वाचू," सर म्हणाले. "तुमचंही नाव घालतो."

त्या दिवशी आनंदाने मला जेवण गेलं नाही. छापील पेपरवर माझं नाव! मी घरी सगळ्यांना सांगून मोकळी झाले.

पेपर भक्कम व्हावा म्हणून सरांनी मला त्या बायकांच्या घरी जाऊन माहिती आणायला सांगितलं. पत्त्यांची यादी काढायला बसले आणि हातातलं पेन थांबलं. सात पत्ते एकच. तीच कॉलनी, तोच खोली नंबर. हे सगळे फॉर्म मीच भरलेले, पण दोन वर्षांत एकेक करून, त्यामुळे कधी ध्यानात आलं नव्हतं. एका घरात सात! पाणी असेल, की रक्तातच असेल? माझ्या डोक्यात दुसरा पेपरही लिहून झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिथे पोचले. दार उघडलं लीलाबाईंनी. आमच्या यादीतल्याच एका हॉस्पिटलात आया होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. आत खाटेवर एक म्हातारी पडून होती आणि लीलाबाईंची मुलगी सुनंदा तिला चमच्याने पेज भरवत होती.

मी आवाज शक्य तितका हळवा करून म्हटलं, "मावशी, तुमच्या घरात एवढे आजारी..."

"आमच्या घरात कुणालाच नाय, ताई," त्या म्हणाल्या. "ही माझ्या चुलत नणंदेची सासू. चांदवडकडची."

मग सगळा उलगडा झाला. रेडिएशनला आपल्याकडे शेक म्हणतात. तो रोज घ्यावा लागतो, पाच-सहा आठवडे. खेड्यातून रोज येणार कसं? लीलाबाई हॉस्पिटलात कामाला, म्हणून सासर-माहेरची, शेजारच्या गावांतली सगळी माणसं त्यांच्याकडे उतरत. नाशिकचा पत्ता दिला की तारीख लवकर मिळते, असं कुणीतरी सांगून ठेवलेलं. म्हणून फॉर्मवरही लीलाबाईंचंच घर. म्हणजे पेशंट गावचे, पण आम्ही ते शहराच्या खात्यात वर धरलेले. आणि खालच्या जनगणनेत ते मुळी नव्हतेच.

निघताना लीलाबाईंनी विचारलं, "ताई, सुनंदाला बघायला पाहुणे आलते. खाटेवरची म्हातारी बघितली न् म्हणाले, हे तुमच्या रक्तात हाय का? तुमच्या कागदात आमचं काय लिहिलंय?"

कागदात जवळजवळ तेच लिहिलं होतं, फक्त इंग्रजीत. आणि एका घराबद्दल नव्हे, अख्ख्या समाजाबद्दल. मला माझीच लाज वाटली.

तिथून मी जी सुटले ती थेट ऑफिसात. आठवडाभर प्रत्येक खांबातला प्रत्येक पत्ता तपासला. एवढ्या हुरूपाने मी आयुष्यात काम केलं नसेल. असे बाहेरगावचे पेशंट प्रत्येक समाजात निघाले, एखाद-दुसरा. लीलाबाई मात्र बाकी कोणाकडे नव्हत्या. बाहेरगावची सगळी नावं काढली आणि तो खांब चक्क इतरांच्या रांगेत येऊन बसला. तो खाली येताना बघून मला झाला तेवढा आनंद वर जाताना झाला नव्हता.

सरांनी जुना आणि नवा ग्राफ शेजारी-शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "पेपर गेला."

"लीलाबाईंच्या मुलीचं लग्न वाचलं, सर," मी म्हटलं आणि पाहुण्यांनी काय विचारलं ते सांगितलं.

त्यांनी नवा ग्राफ पुन्हा पाहिला. "पाहुण्यांशी मी बोलतो," म्हणाले. आणि खरंच गेले, तो ग्राफ घेऊन. ग्राफमधलं पाहुण्यांना किती कळलं माहीत नाही, पण डॉक्टर स्वतः घरी आले याचं वजन पडलं. सुनंदाचं लग्न ओझरला झालं. मी जेवून आले.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले की भागाकार करण्याआधी वरच्या आकड्यातली माणसं एरवी राहतात कुठे, हे विचारावं. पुढच्या फॉर्मवर आम्ही एक रकाना वाढवला: 'उपचारापुरता मुक्काम कोणाकडे?' पहिल्या महिन्यातले फॉर्म चाळले. तीन ठिकाणी उत्तर होतं, लीलाबाई.