सुलोचनाने मोडलेला करार

माझ्या बायकोचं तोंड बंद ठेवायचा करार चर्चच्या टेबलाशी बसून लिहिला गेला होता.

आज दुपारी तिला माती दिली. घर माणसांनी भरलं आहे, पण कोणाशी बोलवत नाही. म्हणून ही पोस्ट.

तिनंच सांगून ठेवलं होतं, "मी गेल्यावर लिवा. माहं नाव लिवा, त्या पोरीचं बदला."

बदललं आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा वाशिम जिल्हा झाला नव्हता, आम्ही सगळे अकोला जिल्ह्यातलेच.

रेल्वेलाइनच्या कडेच्या एका गावात आमच्या चर्चच्या मंडळीची शाळा होती. सुलोचना तिथे टीचर. पहिलीच नोकरी.

शाळेचा सगळा कारभार पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्र्यांच्या, हातात. मोठा मान. ते प्रार्थना करायला लागले की बायांच्या डोळ्यांना धार लागायची.

एका दुपारी त्यांनी सुलोचनाला ऑफिसात बोलावलं आणि दार लावून घेतलं.

पुढचं लिहीत नाही.

ती सरळ मंडळीच्या पंचांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं, चहा पाजला, घरी जा म्हणाले. आणि दोन दिवसांनी स्टॅम्प पेपर घेऊन तिच्या वडिलांच्या दारात उभे राहिले.

त्यावर लिहिलं होतं, झाला प्रकार ती कोणाला सांगणार नाही. नातेवाइकांना नाही, पोलिसांना नाही, होणाऱ्या नवऱ्यालाही नाही. बदल्यात दुसऱ्या गावी बदली. सही केली नाही तर नोकरी जाणार, वरून बदनामीची केस.

मंडळीची अब्रू ती प्रभूची अब्रू, असं पंचांनी समजावलं. वडिलांनी मान खाली घातली.

तिनं सही केली.

पुढच्या वर्षी मी तिला पाहायला गेलो. मी कारंज्याच्या कापूस बाजारात कारकून. चहापोहे झाल्यावर मोठ्यांनी आम्हा दोघांना अंगणात बोलायला पाठवलं.

मी काही विचारायच्या आत तीच बोलली.

"तुमाले एक गोष्ट सांगाची हाय. कोनाले सांगनार नाई असं लिहून देल्लं हाय मी. तरी सांगून राह्यली."

सगळं सांगितलं. रडली नाही. मग म्हणाली, "आता नाई म्हना. चालते."

मी नाही म्हटलं नाही.

लग्न झालं. घरात तो विषय निघायचा नाही. पण रविवारी उपासनेला ती शेवटच्या बाकावर बसायची, आणि प्रभुभोजनाची भाकर कधीच घ्यायची नाही.

मग एका दुपारी विमल आली. एसटीतून उतरून, विचारत विचारत, आमच्या दाराशी. सुलोचनाच्या जागेवर लागलेली नवी टीचर. विशीतली.

सुलोचनानं पाणी दिलं. ते तिनं तसंच खाली ठेवलं.

"तुमच्यासंगंबी झालं होतं ना?"

सुलोचना हो म्हणाली.

"मंग मले काहून नाई सांगतलं? मी तुमच्याच जाग्यावर जाऊन राह्यली, हे माईत होतं ना तुमाले?"

माहीत होतं. तिच्या नेमणुकीची बातमी मंडळीत सगळ्यांनाच कळली होती.

सही केली होती म्हणून सुलोचना गप्प बसली होती. विमल उठली आणि आली तशी गेली. तिच्याही घरी पंच स्टॅम्प पेपर घेऊन गेले होते, हे आम्हाला मागून कळलं.

त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. संध्याकाळी सुलोचना एवढंच म्हणाली, "वकिलाकडं चला."

वाशिमच्या वकिलांनी सगळं ऐकलं. म्हणाले, गुन्हा झाकण्यासाठी केलेला करार कायद्यानं करारच नसतो. असा कागद कोर्टात चालत नाही, फक्त माणसाच्या भीतीवर चालतो.

इतके दिवस हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या साली मंडळीच्या वार्षिक सभेला गावोगावचे लोक आले होते. प्रभूच्या कृपेची साक्ष द्यायची वेळ झाली तशी सुलोचना उठली. पाळकसाहेब समोर स्टेजवर बसले होते. तिनं त्यांचं नाव घेतलं, आणि काय झालं ते सांगायला लागली.

पंचांपैकी एकानं जोरात गीत सुरू केलं. सगळी सभा गायला लागली.

ती उभीच राहिली. गीत संपलं, आणि जिथे थांबली होती तिथून पुढे बोलली.

"अजून कोनाकून असा कागद लिहून घेतला असन, तर भेऊ नोका. त्याले काई किंमत नाई."

मग शाळेत पूर्वी स्वयंपाक करणारी एक म्हातारी उठली. तिच्या पोरीचाही अंगठा घेतला होता, खूप आधी. ती पोर आता राहिली नव्हती.

पंचांनी आम्हाला मंडळीतून काढलं. सुलोचनाची नोकरी गेली. नातेवाइकांनी येणंजाणं तोडलं.

पण बदनामीची केस कोणी केली नाही. आणि बायांनी विषय सोडला नाही. पुढच्या सभेत ठराव झाला, की यापुढे मंडळी कोणाकडूनही गप्प राहण्याचा कागद घेणार नाही आणि तक्रार आली तर सरळ पोलिसांत देईल. पाळकसाहेबांना सेवेतून काढलं.

शिक्षा झाली नाही. सुलोचनाशिवाय पोलिसांना दुसरा साक्षीदार मिळाला नाही. तो माणूस दुसऱ्या शहरात म्हातारा होऊन गेला. पेपरात फोटो आला, खाली "थोर सेवक". सुलोचनानं तो पेपर पूर्ण वाचला आणि भाजी निवडायला बसली.

विमल आजपर्यंत आमच्याशी पुन्हा बोलली नव्हती. सुलोचना तिच्या घरी जाऊन आली होती. दार उघडलं नाही.

आज कब्रस्तानात मला विमल दिसली. काठी टेकत माझ्याजवळ आली.

"भाऊजी, माफ नाई केलं मी तिले. आजबी नाई."

मी मान हलवली.

"पन ती सभेत बोलली ना, तवा मी दाराशी उभी होती. सगळे गाऊन राह्यले होते. ती खाली नाई बसली."

मग तिनं मूठभर माती टाकली आणि निघून गेली.

सुलोचना, शांत झोप.
मी येतोच मागून.