तीन मिलिमीटरचं शीट

नांदेडला मी इमारतींची मॉडेलं बनवतो. आर्किटेक्ट नकाशा देतात, मी पांढऱ्या प्लास्टिकच्या शीटमधून हातभर उंचीची इमारत उभी करतो. बाजारात ॲक्रिलिक मिळतं, पण ते ठिसूळ, कापताना कडेचे टवके उडतात. फोमचा सनबोर्ड मिळतो, त्याची कड दाबली की आत जाते. स्टायरीन या प्लास्टिकचं शीट मात्र चरा पाडून वाकवलं की सरळ तुटतं. ते हैदराबादहून पार्सलनं येतं, आणि हवी ती जाडी हवी तेव्हा येतेच असं नाही.

लातूरच्या एका हॉस्टेलचं मॉडेल मी असंच केलं होतं. क्लासला येणाऱ्या मुलींसाठी तीन मजली इमारत, मजल्यामजल्याला पुढे आलेली गॅलरी. प्रमाण एकास पंचवीस, म्हणजे खरा एक इंच मॉडेलवर साधारण एक मिलिमीटर. नकाशात गॅलरीचा स्लॅब पाच इंची होता. पाच मिलिमीटरच्या शीटचा एक तुकडाच उरला होता, तीनचं भरपूर होतं. दोन्ही तुकडे हॉस्टेलच्या मालकाला दाखवले. तीनचा बोटांत फिरवून तो म्हणाला, हाच लावा, नाजूक दिसतो. मलाही तो नाजूकच दिसला. मॉडेल दिलं, तळाशी माझ्या नावाची पट्टी चिकटवली आणि पुढच्या कामाला लागलो.

तीन वर्षांनी त्या इमारतीची दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी कोसळली. कपडे वाळत घालणारी एक मुलगी तिच्यासोबत खाली आली आणि गेली. मी पेपरात वाचलं, हॉस्टेल ओळखलं, हळहळलो. माझा त्यात काही संबंध असेल असं मनातही आलं नाही.

पुढच्या महिन्यात एक गृहस्थ दुकानात आले. चाकूरकडचे सुतार, पन्नाशीचे. त्या मुलीचे वडील. तिची पेटी न्यायला ते हॉस्टेलवर गेले होते. भिंतीला राहिलेली स्लॅबची तुटकी कड त्यांनी खिशातल्या टेपनं मोजली, ती तीन इंच भरली. मग ऑफिसात टेबलावर माझं मॉडेल दिसलं. दार सात फुटी धरून त्यांनी प्रमाण काढलं आणि गॅलरी मोजली. तीही तीन इंचीच निघाली. पट्टीवरचं नाव वाचून ते नांदेडला आले होते.

"साहेब, एकच इचारतो," ते म्हणाले. "ते तीनच इंची टाकणार हायेत, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं का?"

"नाही मामा."

"मग तुम्ही तीनचंच कसं लावलं?"

मी सगळं सांगितलं. पाचचं शीट संपत आलं होतं, आणि पातळ कड दिसायला बरी वाटली. ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि पाणी मागितलं.

चौकशी अधिकाऱ्यापुढे ठेवायला त्यांना दोन गॅलऱ्या हव्या होत्या: एक नकाशातली, एक पडलेली. कागदावरचा आकडा कुणी बघत नाही, हातात दिलं तर बघतील, असं त्यांचं म्हणणं. मी पाचचं शीट मागवलं. ते आल्यावर मामा स्वतः येऊन बसले, पॉलिश पेपरनं कडा घासत. कठड्यासाठी मी चौकोनी पट्टी काढली तर त्यांनी ती बाजूला सारली. पाइप गोल होता, म्हणाले. मग मी एक मिलिमीटरच्या गोल काड्या जोडल्या. त्यांनी बोटानं कठडा चाचपला आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवलं.

चौकशीला मीही लातूरला गेलो. एव्हाना स्लॅबची उरलेली कड धोकादायक म्हणून फोडून टाकली होती. होते ते मामांनी काढलेले दोन अंधुक फोटो. मी दोन्ही गॅलऱ्या टेबलावर ठेवल्या. मालकाच्या बाजूचा इंजिनिअर शांतपणे उठला आणि त्यानं ऑफिसातलं माझं जुनं मॉडेल शेजारी आणून ठेवलं. हा माणूस वाटेल ती जाडी लावतो, याच्या मोजमापावर काय विसंबायचं, एवढंच तो बोलला.

अधिकाऱ्यानं मला विचारलं, "तेव्हा तुम्ही नकाशा पाहिला होता?"

"हो."

"मग जाडी का बदलली?"

"दिसायला बरी वाटली म्हणून."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. मामा माझ्या शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही.

बाहेर आल्यावर मी गॅलऱ्या गुंडाळायला घेतल्या, तर मामा म्हणाले, द्या इकडं. दोन्ही पोत्यात घालून, पोतं काखेत धरून ते चाकूरच्या गाडीत चढले. त्यांनी मला एका शब्दानंही दोष दिला नाही. मला अजून वाटतं, दिला असता तर बरं झालं असतं.

अहवाल आला. बांधकामातला दोष उपलब्ध पुराव्यावरून निश्चित करता येत नाही, असं त्यात होतं. जूनमध्ये हॉस्टेल पुन्हा भरलं. अपील करायचं असेल तर मी परत यायला तयार आहे, हे सांगायला मामांना फोन लावला. फोन त्यांच्या बायकोनं उचलला. ते कामाला गेल्यात, म्हणाल्या, आणि विचारलं, तुम्ही कोण बोलायलात?

नांदेडहून बोलतोय, एवढंच मी सांगितलं.