बायकोची गार उशी धुतली त्याची गोष्ट

शनिवारी सकाळी गोव्यातल्या पाळी गावात, आमच्या अंगणात मी एक पराक्रम केला. तीन दिवस झाले, पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवतच नाहीये... म्हणून लिहितोय.

मी खाणीवर टिप्पर चालवतो. बायको सुलभा बालवाडीत शिकवते. वर्षभरापासून तिला मेनोपॉजचा त्रास सुरू झालाय; मी खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. बसल्या बसल्या अंगातून वाफा निघतात आणि जरा आडवी झाली की मान घामाने चिंब...

आमची मुलगी केतकी पुण्याला असते. तिने आईसाठी कूलिंग पिलो पाठवली. आत फोम, त्यावर निळ्या जेलचा थर, वरून गुळगुळीत पांढरी खोळ. गाल टेकला की माठाला टेकल्यासारखं वाटतं! त्या उशीवर सुलभा पहिल्यांदा सलग सकाळपर्यंत झोपली. उठली तेव्हा तिचा चेहराच वेगळा दिसत होता.

पण आमच्याकडे खनिजाची धूळ. खिडक्या लावून घेतल्या तरी ती आत येतेच. घाम आणि धूळ मिळून दोन महिन्यांत खोळ तांबडी झाली. "पयलींसारकें गार लागना," असंही सुलभा म्हणायला लागली.

शुक्रवारी ती भाचीच्या साखरपुड्याला माहेरी, हरमलला गेली. शनिवारी मला दुपारची शिफ्ट होती, त्यामुळे मी घरीच राहिलो. ती रविवारी संध्याकाळी येणार होती. म्हटलं, तोवर उशी धुऊन ठेवू... सरप्राइज!

आता धुण्यातलं मला काय कळतं? फक्त टिप्पर. मी खोळ काढली, फोम धुण्याच्या दगडावर ठेवला आणि सरळ पाइप लावला. वरून साबणाची पावडर. पाच मिनिटांत ती उशी पाणी पिऊन अशी जड झाली की उचलेना. म्हणून पिळायला घेतली... आणि कोपऱ्यातून 'टर्र' असा आवाज आला.

लगेच केतकीला व्हिडिओ कॉल लावला. माझ्या हातातला पिळा बघून ती किंचाळली, "पप्पा, पिळूं नाका! फाटतलें तें!"

मग तिने मला शाळेतल्या पोरासारखं शिकवलं. फोम कधी भिजवायचा नाही, डाग पडला तर ओल्या फडक्याने टिपायचा. खोळ तेवढी थंड पाण्यात, सौम्य लिक्विडने धुवायची. ब्लीच नको, सॉफ्टनर नको, त्याने कापडाचा गारवा जातो. आणि उन्हात तर मुळीच ठेवायचं नाही, जेल खराब होतं. हे सगळं उशीला शिवलेल्या पट्टीवर लिहिलेलं होतं म्हणे... मी वाचलंच नव्हतं!

फेस जाईपर्यंत तांब्याने हळूहळू पाणी ओतलं. मग उशी टॉवेलमध्ये गुंडाळून तळव्यांनी दाबत बसलो. घरातले टॉवेल संपले, मग माझ्या लुंग्या निघाल्या. शेवटी व्हरांड्यात सावलीत पट्ट्यांच्या खाटेवर तिला आडवं केलं आणि टेबलफॅन लावला. खोळही केतकीने सांगितली तशी धुऊन सावलीत वाळत घातली.

तेवढ्यात शेजारचा दत्ताराम आला. आम्ही दोघं एकाच खाणीवर. आजारी माणसाला घालावा तसा मी उशीला वारा घालतोय, हे बघून त्याला हसू आवरेना. "अरे, दुयेंतीक वारो घालतात तशें उशाक घालता मरे तूं!"

क्षणभर वाटलं, काहीतरी थाप मारावी. बायकांच्या या गोष्टी आम्ही पुरुष बोलतो कुठे? पण सांगून टाकलं... सुलभाला काय होतं, कशाने होतं, उशीने किती बरं वाटतं, सगळं. दत्तारामचं हसणं थांबलं. तो तसाच घरी निघून गेला. मला वाटलं, लाजला.

शिफ्टवर असताना सारखा विचार, लाइट गेली तर फॅन बंद पडेल! रविवारी सकाळपासून दर तासाला उशी उलटत होतो. चार वाजता मधोमध अंगठा दाबून बघितला... कोरडी! गाल टेकला... गार! खोळ पांढरीशुभ्र! व्हरांड्यात एकटाच ओरडलो मी. फाटलेला कोपरा खोळीत लपला.

खोळीची चेन लावतोय, तर दत्ताराम पुन्हा दारात. या वेळी त्याने हळूच विचारलं, "तें उशें खंय मेळटा रे?"

त्याची बायको शोभा वर्षभर रात्री मधेच उठून बाहेर जाऊन बसते. कारण विचारलं की गप्प. "हांव समजतालों, ती म्हजेर रागार जाल्या म्हूण..." तो म्हणाला. मी त्याला खाटेवर बसवलं आणि उशी मागवायला केतकीचा नंबर दिला.

संध्याकाळी सुलभा आली. उशी बघून तिने आधी खोळीवरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं. "तुमी धुयलें?" मी पाइपपासून सगळं कबूल केलं. फाटलेला कोपरा दाखवला तेव्हा ती हसून हसून खाली बसली. मग दत्तारामचं सांगितलं.

तिचं हसू थांबलं. अजून चहासुद्धा घेतला नव्हता. उशी काखेत मारली आणि निघाली. "नवें येयसर शोभाक निजूं दी ह्या उशार," असं जाता जाता म्हणाली; त्यांची नवी उशी येईपर्यंत ही शोभाकडेच राहणार होती.

दोन दिवसांची माझी मेहनत एका मिनिटात शेजारी गेली... आणि मला इतका आनंद झाला, काय सांगू! सोमवारी सकाळी शोभावहिनी कुंपणापाशी उभ्या राहून सुलभाशी अर्धा तास बोलत होत्या. दत्ताराम कामावर शीळ घालत आला.

मित्रांनो, घरातली बाई गप्प असली की आपण राग समजून गप्प बसतो. एकदा नीट विचारून बघा... मला उशी धुता येत नव्हती, पण सुलभाला काय होतंय ते विचारलं होतं, त्याचंच आज समाधान वाटतंय.