खिडकीची जागा

नारायणगाव-डिंगोरे जीप चालवणारे हे गृहस्थ गाडी गच्च भरल्याशिवाय किल्लीला हात लावत नाहीत. "सरका की राव, आजून एक बसतंय," हे त्यांचं ठरलेलं. माझे गुडघे त्यांना रोज शिव्या देतात.

घरी त्यांनी टोमॅटोच्या जुन्या खोक्यांच्या फळ्यांवर रूळ टाकून कोळशाच्या इंजिनाची छोटी आगगाडी केली आहे. धुराड्यात उदबत्तीचा तुकडा खोचला की धूर निघतो. आमच्याकडे रेल्वे आलेलीच नाही, तरी स्टेशनावर 'डिंगोरे' अशी पिवळी पाटी आहे. डब्यांत मातीचे प्रवासी जीपसारखेच कोंबलेत. एकदा ती बघायला गेलो, तर खिडकीशी एकच जागा मोकळी दिसली.

"ही का रिकामी?" मी विचारलं.

"मंडळीची हाये. जीपमधी तिला कायम मागं बसवली. पुढं गिऱ्हाईक असायचं."

चहा घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोनं ते ऐकलं. "खेळण्यात कशाला? खऱ्या गाडीत बसवा की!"

त्यांनी उदबत्तीचा नवा तुकडा धुराड्यात खोचला.

परवा बाजाराच्या दिवशी मी जीपमध्ये पुढं चढायला गेलो.

"पावणं, मागं बसा."

मागं आम्ही घामाघूम. "भरली की गाडी, काढा आता!" कुणीतरी ओरडलं.

"न्हाई भरली आजून," ते म्हणाले आणि पिशव्या घेऊन येणाऱ्या बायकोसाठी पुढचं दार उघडून उभे राहिले.