पडताळणीच्या दिवशीची शेंगोळी

रात्री प्यायलेल्या माणसाला सकाळी काय खायला-प्यायला द्यावं, ते मला विचारा. माझी अठरा वर्षं त्यातच गेली. उठल्या उठल्या चहा अजिबात द्यायचा नाही, तो तसाच परत येतो. आधी कोमट पाणी, तेही घोट घोट. मग लिंबू, मीठ, साखर. पोट जरा निवलं की ताक, पण ताजं आणि पातळ, भाजलेलं जिरं घातलेलं. आंबट ताकानं उलटी होते. आमच्या आळीतले एक शहाणे सांगायचे, सकाळी पुन्हा थोडी घेतली की डोकं जागेवर येतं. त्यांचं डोकं जागेवर आलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

सगळ्यात शेवटी शेंगोळी. ती मी माहेरी, आंबेगावात शिकले. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं वाटून घालायचं, घट्ट मळायचं, तळहातावर एकेक वळायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायची. आईनं ती थंडीतल्या सर्दीपडशासाठी शिकवली होती. लग्न होऊन जुन्नर तालुक्यात आले आणि माझ्या हातची शेंगोळी दारूवरच जास्त खपली. गरम रस्सा पोटात गेला की नवऱ्याच्या कपाळावर घाम यायचा आणि तो म्हणायचा, "आता बरं वाटतंय." ते ऐकून मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू?

तीन वर्षांपूर्वी शाळेच्या वाटेवर दारूचं दुकान आलं. आम्ही बायकांनी बाटली आडवी करायची ठरवलं. म्हणजे गावातल्या बायकांनी मतदान करून दुकान बंद पाडायचं. पण त्याआधी अर्जावर पुरेशा बायकांच्या सह्या लागतात. मग एक दिवस सरकारी साहेब गावात येतो आणि प्रत्येकीनं ओळखपत्र घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं, ही सही माझीच म्हणून सांगायचं. त्याला पडताळणी म्हणतात. जी आली नाही तिची सही बाद. घरोघर हिंडून सह्या गोळा केल्या त्या मी. "काय वाट्टेल ते झालं तरी त्या दिवशी घरी थांबायचं नाही," असं प्रत्येकीला बजावलं तेही मीच.

पडताळणी सकाळी दहा ते बारा होती. साडेआठला मी चांगलं पातळ नेसून तयार झाले, तर नवरा ओसरीवर दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेला.

"लई ठणकतंय गं. जीव घाबरा व्हतोय. तू कुठं जाऊ नगं."

मला असा संताप आला! वर्षाचे एवढे दिवस सोडून नेमकं आजच? पण तोंड बडबडत राहिलं आणि हात कामाला लागले. हाताला सवयच ती. पाणी दिलं, लिंबू दिलं. ताक दिलं ते त्यानं एका दमात संपवलं आणि आणखी मागितलं. एरवी पहिला पेला पोटात ठरत नाही. हे मला दिसलं, पण डोक्यात शिरलं नाही, कारण माझं सगळं लक्ष घड्याळाकडे. दहाला पिशवी उचलली तर म्हणाला, "शेंगोळी कर ना. तुझ्या हातची खाल्ल्याबिगर मी काय उठत न्हाई बघ."

पीठ मळत असताना शेजारणीचा फोन आला. "अगं, कुठं हायेस? साहेब आलाय."

"आले, आले. थोडा वेळ थांबव त्याला."

शेंगोळी शिजायला जितका वेळ लागतो तितका लागतोच. मी ताट वाढलं. नवऱ्यानं त्यात भाकरी कुस्करली, बुक्कीनं कांदा फोडला आणि भुकेल्या गड्यासारखा जेवायला लागला. हात थरथरत नव्हता. मी त्याच्या तोंडाजवळ तोंड नेलं. वास नाही. डोळे लख्ख पांढरे.

"तुमी काल प्यायलाच न्हाई."

त्यानं मान वर केली नाही. "तू बी दोन घास खाऊन घे," म्हणाला.

बाराला दहा मिनिटं कमी होती. मी पिठाच्या हातानं, अनवाणी ग्रामपंचायतीकडे पळाले. पोचेपर्यंत बारा वाजून गेले होते, साहेब गाडीत बसले होते. "ताई, कागद बंद झाले," एवढंच म्हणाले आणि गाडी गेली. अर्जावर पहिली सही माझी होती.

दुपारी शेजारीण घरी आली, तेव्हा बाकीचं कळलं. आमच्या आळीतल्या आणखी कितीतरी जणी आल्या नव्हत्या. कोणाच्या नवऱ्याला चक्कर, कोणाच्या नवऱ्याला उलट्या. दुकानदारानं गड्यांची बैठक घेतली होती, आणि कसं कण्हायचं, काय काय मागायचं, कशाला जास्त वेळ लागतो, हे सगळ्यांना माझ्या नवऱ्यानं शिकवलं होतं. त्याला ते पाठच. मी इतक्या मायेनं केलेलं सगळं त्यानं गावाला वाटून टाकलं होतं. सह्या कमी पडल्या, अर्ज फेटाळला गेला. शेजारीण जाताना म्हणाली, "तूच न्हाई आलीस, मग दुसरीला काय बोलावं?"

संध्याकाळी मी त्याला जाब विचारला. वाटलं, खाली बघेल. तो हसला.

"चिडती कशापायी? काल घेतली न्हाई मी. उलट तू खूश व्हायला पायजे."

लग्नापासून मी त्याला एकच गोष्ट मागत होते, एक रात्र, फक्त एक रात्र न पिता घरी या. हातापाया पडले. ओझरच्या गणपतीपुढे शपथ घालून झाली. दर वेळी त्याचं एकच, "न्हाई गं जमत, माझ्या हातात न्हाई ते." मला ते खरं वाटायचं. मला त्याची कीव यायची.

पडताळणीच्या आदल्या रात्री त्याला जमलं होतं.