मायचा रोग, माहा विषय

"इनके मोहल्ले की औरतों में ये बीमारी बहुत होती है, सर. साफ-सफाई नहीं रखतीं ना."

आमच्या विभागाचे सर बाहेरून आलेल्या पाहुण्याले म्हणाले. हॉल हसला. मी पडद्यासमोर उभी होती. मागच्या रांगेत माही माय बसून होती.

बालाघाटच्या कॉलेजात माहा एमएस्सीचा प्रोजेक्ट. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर. काम सारं कॉम्प्युटरवरचं. जगभरातल्या बायकांच्या गाठींतल्या जनुकांची माहिती खुली असते. ते घ्यायची. निरोगी पेशी अन् रोगट पेशी ताडून पाहायच्या. रोगट पेशीत कोणतं प्रोटीन साऱ्यांच्या दोऱ्या धरून बसलं, ते हुडकायचं. औषधानं त्यालेच अडवता येईल का, हा माहा प्रश्न.

पाहुण्यानं विचारलं होतं, हा विषय काहून घेतला. मी तोंड उघडायच्या आधी सरांनीच उत्तर देऊन टाकलं.

मायले मीच बोलावलं होतं. तिलेही हाच कॅन्सर; नागपूरच्या दवाखान्यातले बिजलीचे शेक, म्हणजे रेडिएशन, नुकतेच संपले होते. कटंगीहून बसनं आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. पोरगी मोठ्या लोकांपुढं बोलणार म्हणून. हिंदी तिले साफ समजते. तिनं पदर पुढं ओढला अन् भिंतीच्या कडेकडेनं बाहेर निघून गेली.

मी पुढची स्लाईड लावली. काय बोलली, आठवत नाही.

बाहेर आली त माय नळावर. हात धुतले, पाय धुतले, आता कोपरं घासून राह्यली होती. मी म्हटलं, पुरे. तिनं माह्याकडं पाह्यलं नाही.

"मी त रोजच आंग धोतो व बाई."

म्हणजे तिलेही तेच वाटत होतं. आपणच घाण, म्हणून झालं. अंगावरून रक्त जात होतं तरी तिनं कोणाले सांगितलं नाही, ते यापायीच. डॉक्टरकडं नेलं तवा उशीर झाला होता. ज्यांनी आमच्या आज्याले विहिरीवर चढू देल्लं नाही, तेच आज आम्हाले घाणेरडे म्हणत होते. अन् माय ते खरं मानून कातडी घासत होती.

मी तिचा ओला हात धरला. हॉलमधी चहा चालू होता. तिले घेऊन सरांसमोर जाऊन उभी राह्यली.

"सर, ये मेरी माँ है. ये बीमारी वायरस से होती है, गंदगी से नहीं. अपनी बात वापस लीजिए."

सर हसले. मजाक होता म्हणाले. दुसऱ्या दिवशी केबिनमधी बोलावून सांगितलं, पाहुण्याची माफी मांग, नाही त प्रोजेक्टवर सही भेटणार नाही. मी माफी मांगली नाही. सही भेटली नाही. वर्ष गेलं.

आता दुसऱ्या कॉलेजात, दुसऱ्या मॅडमच्या हाताखाली तेच काम पुन्हा करून राह्यली. पडद्यावर सापडलेलं प्रोटीन प्रयोगशाळेत टिकल का नाही, सांगता येत नाही. टिकलं तरी औषध लांब आहे. मायच्या कामी ते यायचं नाही, हे मले मालूम आहे.

लाज गेली नाही. तरी कोणी विषय विचारला का मी रोगाचं पुरं नाव घेतो. हा माह्या मायले झाला, म्हणून सांगतो. समोरचा हसला, त त्याचं हसणं बंद होईपर्यंत तिथून हलत नाही.